तुम्ही रोज सकाळी का उठता?

शनिवार आमच्या सुट्टीचा. तो कंपनीने खाल्ला, वर मेलमध्ये लिहिलं, ‘खास तुमच्यासाठी एक दिवस.’ मुळशीच्या एका रिसॉर्टवर नेऊन गार इडल्या खायला घातल्या आणि हॉलमध्ये गोल करून बसवलं. विषय होता, ध्येयांच्या पलीकडे जाऊन स्वतःचं व्हिजन शोधा.

ट्रेनर पंचविशीतला. सुरुवातीलाच त्याने अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचा किस्सा काढला. १९५३ साली तिथल्या फक्त ३ टक्के मुलांनी आपली ध्येयं लिहून ठेवली आणि वीस वर्षांनी त्यांच्याकडे बाकीच्या ९७ टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीपेक्षा जास्त पैसा होता म्हणे. ध्येयांच्या पलीकडे जायला निघालेला माणूस ध्येयांचीच जाहिरात करत होता, ते एक सोडा. पण हा अभ्यास कधी झालाच नाही! १९९६ मध्ये एका अमेरिकन मासिकाने खोदून पाहिलं, तेव्हा कोणाकडे कागदाचा कपटाही निघाला नाही. मी हात वर करून एवढंच सांगितलं. तो गोड हसून म्हणाला, “सर, निगेटिव्हिटी बाहेर चपलांपाशी ठेवून या.” टाळ्या पडल्या. कोणी कोणी वाजवल्या ते मी बघून ठेवलंय.

मग निघालं ‘पाच का’चं तंत्र. एकाला उभं करायचं आणि आतला हेतू सापडेपर्यंत ‘का’ विचारत राहायचं. बोट वळलं स्टोअर्समधल्या काकांकडे. निवृत्तीला आलेले, मागच्या रांगेत पेंगत होते.

“सर, तुम्ही रोज सकाळी का उठता?”

“पाणी येतं.”

“म्हणजे?”

“सव्वापाचला येतं, पावणेसातला जातं. कधी साडेसहालाच घालवतात.”

“ग्रेट! पण का?”

“ते कॉर्पोरेशनला विचारा. चावी सोडणारा नवीन आलाय. आधीचा बरा होता, गणपतीत अर्धा तास जास्त सोडायचा.”

“नाही सर, तुमचं ‘का’ सांगा. पाणी का भरायचं?”

काकांनी त्याच्याकडे जरा कणवेनेच पाहिलं. “तुमच्या सोसायटीला टाकी आहे वाटतं?”

हॉल हसला. ट्रेनर घामाघूम, पण हटेना. “समजा सर, चोवीस तास पाणी आलं. मग सकाळी कशासाठी उठाल?”

आता मात्र काका विचारात पडले. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला. पलीकडचा एचआरवाला मोबाइलवर शूटिंग करत होता, तोही पुढे सरकला.

“मीटर बसवतील,” काका म्हणाले. “मग रीडिंग बघायला उठावं लागेल.”

ट्रेनरने बोर्डावर लिहिलं, ‘कुटुंबासाठी समर्पण’. काकांना सर्वोत्तम व्हिजनचं बक्षीस मिळालं, उगवत्या सूर्याचं चित्र असलेला मग. मला काय मिळालं, तर “तुम्ही अजून ओपन होत नाही आहात.”

हे पाच ‘का’ आले टोयोटाच्या कारखान्यातून. तिथले इंजिनिअर ताइइची ओनो यांचं उदाहरण प्रसिद्ध आहे. मशीन बंद पडलं. का? फ्यूज उडाला. का? बेअरिंगला तेल पुरत नव्हतं. का? पंप तेल ओढत नव्हता. का? त्याचा दांडा झिजला होता. का? गाळणी नव्हती, आत धातूचा कीस गेला. त्यावर उपाय गाळणी बसवणं. मशीनला रिसॉर्टवर नेऊन ‘तुझी पॅशन काय?’ असं कोणी विचारलं नाही.

परतीच्या बसमध्ये मी स्वतःलाच विचारून पाहिलं. कामात मन का लागत नाही? दर गुरुवारी मी करतो तो रिपोर्ट कोणी उघडत नाही. का? ज्या साहेबांनी तो सुरू करवला ते कधीच दुसऱ्या कंपनीत गेले. मग तो बंद का होत नाही? माझ्या केआरएमध्ये, म्हणजे मला नेमून दिलेल्या कामांच्या यादीत आहे म्हणून. तिसऱ्याच ‘का’ला गाळणीची जागा सापडली की हो! पण ती बसवायची तर वरच्या कोणाला तरी ‘हे काम फुकट चाललंय’ असं लिहून द्यावं लागेल. त्यापेक्षा आम्हाला व्हिजन शोधायला पाठवलेलं बरं. नाही सापडलं तर शोधणाराच आळशी.

सोमवारी मेल आला. प्रत्येकाने आपलं व्हिजन शुक्रवारपर्यंत पोर्टलवर भरायचं. अप्रेझलमध्ये त्याला वेटेज १० टक्के. आणि ते ‘स्मार्ट’ हवं. १९८१ मध्ये जॉर्ज डोरान यांनी व्यवस्थापकांना ध्येयं लिहायला दिलेली ही कसोटी. नेमकं, मोजता येणारं, मुदतीतलं वगैरे. ध्येयांच्या पलीकडे गेलेलं व्हिजन दोन दिवसांत तिकडून परत येऊन ध्येयांच्याच रकान्यात बसलं.

काकांनी ‘पाणी’ असं भरलं. एचआरने परत पाठवलं, मोजता येत नाही. त्यांनी सुधारून लिहिलं, ‘दोन ड्रम, एक पिंप, पावणेसातच्या आत.’ तासाभरात मंजूर.

माझं अजून पेंडिंग आहे. शेरा, ‘अधिक खोलात जावे.’