अंतर भागिले वेग एवढ्यावर भागत नाही

विमानप्रवासाला किती वेळ लागेल हे सांगणाऱ्या एका लेखात दोन विमानतळांमधलं अंतर ताशी ९०० किमीने भागून प्रवासाचा वेळ काढलाय. तो बहुतेक वेळा कमीच येणार. ९०० हा उंचीवर स्थिरावलेल्या जेट विमानाचा वेग. चढताना आणि उतरताना तो बराच कमी असतो. शिवाय तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो, त्यात धावपट्टीपर्यंतची रांगही आली. माझ्या मते ८५० ने भागून अर्धा ते पाऊण तास मिळवावा: १,८०० किमीला सुमारे २ तास ४० ते ५० मिनिटं.

विमानतळांच्या अक्षांश-रेखांशांवरून अंतर काढताना ते दशांशात लिहा. १९ अंश ३० मिनिटं म्हणजे १९.५, १९.३० लिहिलंत तर अक्षांशातच २२ किमीची चूक होते. पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह हवंच. उत्तर सागरी मैलांत आलं तर किमीसाठी १.८५२ ने गुणा.

खरी गंमत वाऱ्याची. विमानाचा वेग ८५० धरला, तर ४,५०० किमीच्या प्रवासात ताशी १५० किमीचा वारा पाठीशी असेल तर हवेतला वेळ साडेचार तास, समोरून असेल तर जवळजवळ ६ तास २५ मिनिटं. जाता-येता फिटंफाट होते असं वाटतं, पण होत नाही. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, म्हणून एकूण वेळ वाढतोच. पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारे हे उंचावरचे वारे हिवाळ्यात अधिक जोरदार असतात, त्यामुळे हिवाळी वेळापत्रक वेगळं दिसतं.

आणि सुटण्या-पोहोचण्याच्या वेळा स्थानिक असतात. वजाबाकीआधी दोन्ही जागतिक प्रमाणवेळेत बदला.