१८०० चा डबा आणि विडीची तंबाखू : प्रतिक्रियेला उत्तर

दादा, बजेटमधे पाइप ओढण्यावरच्या माझ्या पोस्टवर तुम्ही दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की पाइपच्या तंबाखूच्या ५० ग्रॅमच्या डब्याला १८०० रुपये घालणाऱ्यानं बजेटचं नाव काढू नये, सोलापुरात राहतो तर विडीची तंबाखू पाइपात भरावी, आणि त्या पोस्टमधे पाइपचा खर्च धरलाच नाही.

आधी पैशाचं. मी फक्त रविवारी संध्याकाळी एकदा ओढतो, एका वेळी साधारण २ ग्रॅम लागते, म्हणजे डबा २५ रविवार जातो, जवळजवळ सहा महिने, महिन्याला पडले ३०० रुपये. पैसा खरा वाया जातो तो वाळलेल्या तंबाखूत. आपल्याकडं एप्रिल-मे मधे पारा ४० च्या वर, डबा नीट बंद नसला की आठ दिवसात तंबाखू पापडासारखी, मग ती भसाभसा जळते, जीभ भाजते आणि आपण म्हणतो मालच खराब. माझा पहिला डबा असाच अर्धा गेला. आता डबा फोडला की लगेच रबरी रिंगवाल्या काचेच्या बरणीत (लोणच्याची नको, कितीही घासा वास जात नाही). वाळलीच तर ताटात पसरून वर ओलसर फडकं, तंबाखूला न टेकवता, दोन-तीन तास. पाणी शिंपडू नका, बटाट्याचा काप तर अजिबात नको, बुरशी येते.

विडीची तंबाखू मी भरून बघितलीय. सोलापूरच्या पूर्व भागात बायका सूप मांडीवर घेऊन विड्या वळतात, त्यातल्या एका विडीत जेमतेम ०.२ ग्रॅम तंबाखू असते, म्हणजे पाइपात तुम्ही एकदम दहा विड्या भरताय. ती भुरभुरीत, कोरडी, कडक, पानात गुंडाळून चार झुरक्यांसाठी केलेली. पाइपची व्हर्जिनिया किंवा बर्ली जातीची तंबाखू थोडी ओलसर असते म्हणून सावकाश जळते. मला तर गरगरलं, अर्धा तास कट्ट्यावर बसून होतो.

आणि धूर छातीत घेत नाही म्हणून पाइप निर्धोक असं कुणी समजू नका, तोंडाचा-घशाचा कॅन्सर यानंही होतो. जो ओढत नाही त्यानं सुरू करूच नये. हे मी पोस्टमधे लिहायला पाहिजे होतं.

पाइपच्या खर्चाचं तुमचं एकदम बरोबर. ब्रायरचा (एका झुडपाच्या मुळाच्या लाकडाचा) पाइप महाग म्हणून मी दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा वापरतो, अमेरिकेत मिसुरीत १८६९ पासून करतात ते, बराच स्वस्त, पण बाहेरून मागवायचा खर्च येतोच. तो धरला तर पहिल्या वर्षी महिन्याचे ३०० राहत नाहीत. आज रात्री हिशोब दुरुस्त करून टाकतो.