‘मालक घरच्यासारखं वागवत’ : एका फॉरवर्डला उत्तर

आमच्या घरच्या ग्रुपवर तोच मजकूर गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा आला. वर फोटो : पांढऱ्या खांबांचा टोलेजंग बंगला, दोन्ही बाजूंना ओकची जुनी झाडं आणि पुढे एकसारखे टी-शर्ट घातलेलं पंधरा-वीस जणांचं कृष्णवर्णीय अमेरिकन कुटुंब. खाली मराठीत : "ज्या मळ्यांवर पूर्वज गुलाम होते तेच मळे बघायला हे लोक सुट्टी काढून जातात. पूर्वजांची नावंसुद्धा माहीत नाहीत! मालक तर त्यांना घरच्यासारखं वागवत. मूळ शोधायचं तर आफ्रिकेत जावं. पण नाही, रडगाणं गायचं आणि नुकसानभरपाई मागायची. आपण भारतीय मागचं उगाळत बसत नाही, म्हणून अमेरिकेत पुढे आहोत." शेवटी हात जोडलेले.

पाठवणारे माझे मामा. त्यांच्याशी मी एरवी वाद घालत नाही, त्यांच्या आमरसावर वाढले आहे. पण मी राहते नॉर्थ कॅरोलायनात, डरहॅमला. इथून अर्ध्या तासाच्या आत असाच एक मळा आहे आणि मी तिथे चारदा जाऊन आले आहे. त्यामुळे या वेळी अंगठा दाखवून गप्प बसवलं नाही.

आधी नावांचं घेऊ, कारण फॉरवर्डमधली तेवढीच एक गोष्ट अर्धी खरी आहे. १८५० आणि १८६० च्या अमेरिकी जनगणनेत गुलामांची वेगळी यादी केलेली होती. तिच्यात मालकाचं नाव आणि त्याच्याखाली ओळीने नुसतं वय, लिंग, वर्ण. पस्तीस, पुरुष, काळा. चार, स्त्री, काळी. गाईगुरांची नोंद करावी तशी. या सगळ्यांची नावानिशी नोंद झाली ती थेट १८७० च्या जनगणनेत. वंशावळ शोधणारे लोक त्या वर्षाला ‘भिंत’च म्हणतात. मागे मागे जात खापरपणजोबांपर्यंत पोचायचं आणि तिथे कपाळमोक्ष. तेव्हा नावं माहीत नाहीत हे अनेकांच्या बाबतीत खरं, पण ती विसरली गेली नाहीत, लिहिलीच नव्हती. त्यावरून वारसांना हसायचं म्हणजे चोराने घर साफ केलं आणि आपण घरमालकाला म्हणतोय, काय हो, साधी पितळी भांडीसुद्धा नाहीत तुमच्याकडे!

आणि भिंतीपलीकडे जाता येतच नाही असंही नाही. माणूस मालमत्ता होता, त्यामुळे मालकाच्या कपाटात त्याचा हिशेब असायचा. खरेदीखतं, मृत्युपत्रं, बूट आणि कापड वाटल्याच्या याद्या. डॉरथी स्प्रुइल रेडफर्ड या बाईंनी १९७७ च्या सुमारास हे कागद चाळायला सुरुवात केली. नोकरी समाजसेवा खात्यातली, इतिहासाची पदवी वगैरे नाही. जवळजवळ दहा वर्षं कोर्टकचेऱ्यांमधली दप्तरं पालथी घालून त्या सॉमरसेट प्लेस या नॉर्थ कॅरोलायनातल्याच मळ्यापर्यंत पोचल्या. तिथे १७८६ मध्ये ८० माणसं थेट आफ्रिकेतून आणली होती, दलदलीतून कालवा खणायला. रेडफर्डबाईंनी एकेका घराण्याचा धागा आजच्या माणसांपर्यंत आणला, पत्रं पाठवली, आणि ३० ऑगस्ट १९८६ ला त्या मळ्यावर दोन हजारांहून जास्त वंशज जमले. पुढे त्या मळ्याचा कारभारच त्यांच्या हाती आला.

माझ्या जवळचा मळा म्हणजे स्टॅगव्हिल. बेनेहन आणि कॅमरन या सोयऱ्या घराण्यांचा. १८६० मध्ये सुमारे ३०,००० एकर जमीन आणि ९०० च्या आसपास गुलाम. या घराण्यांची कागदपत्रं चॅपल हिलच्या विद्यापीठात आहेत आणि त्यांत जन्माच्या नोंदी आहेत, आईबापांच्या नावांसकट. हर्बर्ट गटमन या इतिहासकाराने त्या तपासून १९७६ मध्ये दाखवलं की मुलांना बापाचं, आजोबाचं, काकामामाचं नाव ठेवायची चाल या लोकांत पक्की होती. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, अगदी तसंच. कायद्यात त्यांच्या लग्नाला किंमत नव्हती. मूल आईच्या मालकाचं व्हायचं, बापाचा संबंधच नाही. बाप उद्या अलाबामात विकला गेला तरी त्याचं नाव पोराच्या तोंडी राहावं, एवढी सोय त्यांनी स्वतःपुरती करून ठेवली होती.

मामा, तुम्ही त्र्यंबकेश्वरला गेला होतात तेव्हा गुरुजींनी वही काढून तुमच्या पणजोबांची मोडीतली सही दाखवली. तुम्ही तिचा फोटो आम्हा सगळ्यांना पाठवलात, झूम करून. तुमच्या पणजोबांनी ती सही स्वखुशीने केली होती. इथल्या लोकांच्या पणजोबांचं नाव ज्या वहीत सापडतं तिथे त्याच्यासमोर डॉलरमध्ये किंमत असते. तरी ते शोधतात आणि सापडलं की तुमच्यासारखाच फोटो काढतात.

आता ते ‘घरच्यासारखं’. हा शब्द आपल्या फार ओळखीचा आहे. ‘आमच्याकडे बाई अगदी घरच्यासारखी’ म्हणणाऱ्या किती घरांत तिचा कप वेगळा असतो, हे मला सांगायला नको.

अमेरिकेतलं उदाहरण द्यायचं तर बड्या घरचंच देते. थॉमस जेफरसन, ‘सर्व माणसं समान’ लिहिणारा, व्हर्जिनियातल्या माँटिचेलोचा धनी. आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं त्याच्या मालकीची होती. त्याच्या लोहारशाळेत जोसेफ फॉसेट काम करायचा. जोसेफची बायको ईडिथ हिला जेफरसनने राष्ट्राध्यक्ष असताना वॉशिंग्टनला नेऊन फ्रेंच स्वयंपाक शिकवला होता. पुढे माँटिचेलोला पाहुणे बोटं चाटत जेवायचे ते तिच्या हातचं. याहून घरचं कोण? ४ जुलै १८२६ ला जेफरसन वारला. मृत्युपत्रात त्याने पाच जणांना मुक्त केलं, त्यांत जोसेफ होता. ईडिथ नव्हती, मुलंही नव्हती. धन्याचं कर्ज डोंगराएवढं, म्हणून जानेवारी १८२७ मध्ये लिलाव पुकारला, जाहिरातीत १३० गुलाम. ईडिथ आणि मुलं वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना गेली. जोसेफने पुढे घण मारून पैसे जोडले, नातलगांची मदत घेतली आणि स्वतःची बायको आणि काही मुलं विकत घेतली. ‘विकत घेतली’ हे मी बोलण्याच्या ओघात म्हणत नाहीये, रीतसर कागद झाले. १८३७ मध्ये त्याने त्यांना मुक्त केलं.

त्यांचा मुलगा पीटर मात्र यांत नव्हता. तो लिलावाच्या वेळी अकरा वर्षांचा होता. त्याला सुटायला १८५० उजाडलं. मग तो ओहायोतल्या सिनसिनाटीत गेला, जेवणावळींचा धंदा केला (आईची कला), बॅप्टिस्ट चर्चचा पाद्री झाला, आणि १९०० साली, पंच्याऐंशीव्या वर्षी, मरण्याआधी एकदा बघायचं म्हणून माँटिचेलोला परत गेला. म्हणजे ही ‘मळे बघायला जायची फॅशन’ हल्लीची नाही. वंशजांच्या आधी खुद्द गुलामच जाऊन आले आहेत.

आणि सॅली हेमिंग्ज? ती जेफरसनच्या दिवंगत बायकोची सावत्र बहीण, एकाच बापाची. तिला जेफरसनपासून मुलं झाली, हे १९९८ च्या डीएनए चाचणीनंतर माँटिचेलो चालवणाऱ्या संस्थेनेही मान्य केलं. घरच्यासारखी कसली, घरचीच होती. तरी गुलाम.

‘आफ्रिकेत जावं’ या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. आजच्या अमेरिकेच्या भूमीवर आफ्रिकेतून थेट आणलेले गुलाम चार लाखांहून कमी. १ जानेवारी १८०८ पासून बाहेरून आणायला बंदी झाली. १८६० मध्ये गुलामांची संख्या चाळीस लाखांच्या घरात. म्हणजे त्यातले बहुतेक इथेच जन्मलेले, कित्येकांचे आजेपणजेसुद्धा. त्यांचं गाव म्हणजे हाच मळा. ज्यांना समुद्रापलीकडे जायचं असतं ते जातातही. २०१९ मध्ये घानाने ‘परतीचं वर्ष’ जाहीर केलं तेव्हा जिथून गुलाम जहाजांवर चढवले जायचे ते एल्मिना आणि केप कोस्टचे किल्ले बघायला गर्दी लोटली होती. आफ्रिकेतल्याच राजांनी माणसं विकली, असंही फॉरवर्डच्या एका आवृत्तीत आहे. विकली, खरं आहे. त्यावरून विकत घेणारा सुटत नाही.

जमिनीशी नातं म्हणाल तर स्टॅगव्हिलचीच एक हकीकत. १८४४ मध्ये पॉल कॅमरनने इथून ११४ गुलाम अलाबामातल्या नव्या मळ्यावर धाडले. शेकडो मैल. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, सुटका झाली. पळून जायला रान मोकळं होतं. त्यातले बरेच जण गेले नाहीत, उलट जिथे राबले तीच जमीन त्यांनी पुढे कॅमरनकडून तुकड्यातुकड्याने विकत घेतली. त्यांचे नातू-पणतू ती जमीन बघायला गेले तर ते पर्यटक, की गावकरी?

राहता राहिलं रडगाणं. स्टॅगव्हिलच्या हॉर्टन ग्रोव्ह भागात १८५० च्या सुमाराची दुमजली लाकडी घरं अजून उभी आहेत. एकेका खोलीत एक कुटुंब. त्यांच्या विटांच्या धुराड्यांत, जरा वाकून बघितलं तर, काही विटांवर बोटं उमटलेली दिसतात. वीट ओली असताना साच्यातून काढून उन्हात ठेवताना धरली, तिथे. चार खळगे ओळीत, आणि काही ठिकाणी ते इतके लहान की माझ्या धाकट्याची करंगळीच काय ती मावेल. हे काम पोरांकडे असायचं. मला तिथे गलबलून आलं, खोटं कशाला बोलू.

पण आमच्याबरोबर त्या दिवशी एक आजी होत्या, त्यांचे पूर्वज तिथलेच. त्या रडल्या नाहीत. विटांपाशी दोन मिनिटं थांबल्या आणि नातवाला घेऊन १८६० च्या मोठ्या कोठाराकडे निघाल्या. आत मान वर करून तुळया न्याहाळल्या आणि म्हणाल्या, "माझे वडील सुतार होते. हे सांधे बघ. असा सांधा त्यांनाही जमला नसता." मग नातवाला म्हणाल्या, ताठ उभा राहा, फोटो काढते. फॉरवर्डमधल्या त्या टी-शर्टवाल्या कुटुंबाच्या चेहऱ्यांकडे नीट बघा. हसतायत सगळे. इकडे अशी भाऊबंदांची संमेलनं भरतात, सगळ्यांचे टी-शर्ट एकसारखे. आपल्याकडे कुलसंमेलनाला फेटे बांधतात तसं.

शिवाय आता ते नुसते बघायला जातात असंही राहिलेलं नाही. जेम्स मॅडिसन या आणखी एका राष्ट्राध्यक्षाच्या माँटपेलियर या मळ्यावर वंशजांनी कारभारात निम्मा वाटा मागितला. २०२१ मध्ये तो मान्य झाला, मग विश्वस्त मंडळाने पाऊल मागे घेतलं, जोराचं भांडण झालं, आणि मे २०२२ मध्ये वंशजांच्या समितीने सुचवलेले अकरा सदस्य मंडळावर आले.

नुकसानभरपाईचं मात्र फॉरवर्ड लिहिणाऱ्याने माहिती काढून लिहायला हवं होतं, कारण भरपाई दिली गेलेली आहे. मालकांना. एप्रिल १८६२ मध्ये वॉशिंग्टन शहरातले गुलाम मुक्त केले तेव्हा सरकारने मालकांना माणशी ३०० डॉलरपर्यंत मोजले. ब्रिटनने १८३३ च्या कायद्यात मालकांसाठी २ कोटी पौंड ठेवले, आणि त्यासाठी काढलेलं कर्ज फिटलं २०१५ मध्ये. गुलामांना १८६५ च्या जानेवारीत जनरल शर्मनच्या हुकमाने किनारपट्टीवर चाळीस-चाळीस एकर मिळायचे होते. त्याच वर्षी नव्या राष्ट्राध्यक्षाने जमिनी जुन्या मालकांना परत दिल्या.

आणि आपण मागचं उगाळत नाही म्हणे! मामा, या ग्रुपवर दिवसाला येणाऱ्या दहा मेसेजमधले चार पानिपतावर असतात. याच महाराष्ट्रात १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना सोडवणाऱ्या लोकांना अर्पण केली. तेव्हा पुण्यात बसलेल्या माणसाला हा विषय परका वाटला नव्हता.

तुम्ही दिवाळीनंतर इकडे येताय. आऊटलेट मॉलची यादी मामींनी पाठवली आहे, मिळाली. एक सकाळ मात्र माझी. चालायचे बूट आणा. हॉर्टन ग्रोव्हला गवतातून जावं लागतं, आणि सकाळी दंव असतं.