टीटी सहा महिने चालतं म्हणे!

आज सकाळी सोसायटीच्या गेटला शेजारच्या पोराचं कोपर घासलं. रक्तसुद्धा धड नाही. पण गेट गंजलेलं! ताई निघाल्या पोराला घेऊन टीटीच्या, म्हणजे धनुर्वाताच्या इंजेक्शनला. त्याला दहाव्या वर्षाचा डोस मिळून आठ महिने झालेत, मला माहितीये. तसं म्हटलं तर, "अहो, टीटी सहा महिनेच चालतं."

कोण पसरवतं हे? सगळे डोस झालेल्याला साध्या जखमेसाठी १० वर्षं परत टोचायची गरज नसते. जखमेत माती-शेण गेलं असेल आणि ५ वर्षं उलटली असतील, तरच बूस्टर. आणि धनुर्वात गंजातून येत नाही हो, त्याचा जंतू मातीत, शेणात असतो.

शेणात. आमचे अण्णा. दिंडोरीकडे द्राक्षबाग. गेल्या वर्षी खरड छाटणीच्या आधी शेणखत पसरताना चपलेतून खिळा आरपार गेला. हळद दाबली, फडकं बांधलं, परत बागेत. मला कळलं तिसऱ्या दिवशी, तेही आईकडून. फोनवर भांडले, तर म्हणे, "चोवीस तास उलटले, आता काय उपयोग?" अहो अण्णा, लक्षणं दिसायलाच ३ ते २१ दिवस लागतात! दातखीळ बसल्यावर जाणार होतात का?

बरं, त्या पोराला एक सुई जास्त टोचली म्हणून आभाळ कोसळत नाही, दंड सुजेल फार तर. मान्य. पण चीड येते. आईला निदान बाळंतपणात टीटी मिळालं. बाप्यांना कुणी विचारलं? सरकारी लसीकरण सुरू झालं १९७८ला, तेव्हा अण्णा औत हाकत होते.

शेवटी मीच नाशिकहून गाडी काढली. सिस्टरनी विचारलं, आधी कधी घेतलंय? अण्णा छताकडे बघत म्हणाले, "बैलानं शिंग मारलं तेव्हा... का नव्हतं घेतलं?" म्हणजे हिशेब शून्यापासून. एका दंडात लस (आता टीडी देतात, घटसर्पाची जोड असलेली), दुसरीकडे इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं. एवढा रांगडा माणूस, सुई बघून माझा हात धरला त्यांनी. घट्ट.

चार आठवड्यांनी दुसरा डोस झाला. तिसरा सहा महिन्यांनी होता. तेव्हा गोडी छाटणीनंतरची फवारणी, मग थंडी, मग खुडा. अजून बाकीच आहे. उशीर झाला तरी पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, हे सांगायची चूक मीच केली.

हे टाइप करता करता फोन लावला. उचलला नाही. बागेत असतील, अनवाणी.