पाच मिनिटांत दाढी उरकताय? मग एक तास घालवा की राव

रोज सकाळी पाच मिनिटांत दाढी करून मोकळे होता? मग तुमचं काहीतरी राहूनच गेलंय बघा. ते पाच पात्यांचं प्लॅस्टिकचं खेळणं फेकून द्या आणि सरळ शंभर-सव्वाशे वर्षं जुना अमेरिकन वस्तरा घ्या. पैसे वाचतात. मी इथे ओहायोत राहून गेली चार वर्षं पैसे वाचवतोय, म्हणून अनुभवाने सांगतो.

सुरुवात एका वस्तऱ्यापासूनच करा, सगळे तसंच म्हणतात. मी आमच्याच राज्यातल्या फ्रीमाँटच्या क्लॉस कंपनीचा घेतला, चाळीस डॉलरला. मग कळलं की न्यूयॉर्क राज्यात जिनिव्हा नावाचं गाव आहे आणि तिथल्या जिनिव्हा कटलरीचे वस्तरे हातात नसतील तर आपण अजून बिगरीतच, मग मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरचा टॉरी आला (हे वर्सेस्टर नाही, वूस्टर म्हणायचं, दुकानदाराला सुधारून सांगायचं, त्याने भाव वाढतो पण समाधान मिळतं). पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या हिश्शात मोजतात, पाच-अष्टमांश, सहा-अष्टमांश. शाळेत अपूर्णांकांना घाबरत होतो, आता झोपेत विचारा.

मूठ मात्र बघून घ्या. त्या काळात बऱ्याच मुठी सेल्युलॉइडच्या असायच्या, दिसायला हस्तिदंत नाहीतर कासवाची पाठ. ते सेल्युलॉइड म्हातारं झालं की आतून सडतं, त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि पातं मुठीच्याच कुशीत गंजतं. बरं, एवढ्यावर थांबत नाही, आढीतल्या नासक्या आंब्यासारखं शेजारच्या वस्तऱ्यांनाही लागतं. माझे दोन गेले असे. एका ड्रॉवरमध्ये गुण्यागोविंदाने राहतील म्हणून ठेवले होते.

आता धार. विकणारा म्हणतो दाढीला तयार आहे, त्या वस्तऱ्याने लोणीसुद्धा कापलं जात नाही. म्हणून दगड घ्यायचे (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक), 1000 चा, मग 4000, 8000, आणि 12000 चा घेतला नाही तर आधीचे तिन्ही फुकट गेले असं समजा. वस्तऱ्याची गंमत अशी की कोन मोजावा लागत नाही, पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून पाणी टाकून घासत राहायचं, पाठीच्या जाडीतच कोन बसवलेला असतो. कारागिराने एवढी सोय करून ठेवली तरी मी पहिल्या वस्तऱ्याची पाठ झिजवून सपाट केली, तो भाग वेगळा. धार लागली का हे हातावरचे केस काढून बघतात. माझा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत तुळतुळीत असतो, ऑफिसात एकाने काळजीने डॉक्टरचा नंबर दिला.

आणि रोज दाढीआधी चामोट्यावर पन्नासेक हात मारायचे, पाठ पुढे, धार मागे, वळवताना पाठीवरून वळवायचं. धारेवरून वळवलं की चामड्याला चीर पडते. पहिल्याच दिवशी पडली. नवीन चामोटं घेतलं. बायको म्हणाली या पैशात जन्माची ब्लेडं आली असती, पण तिला बचतीतलं कळत नाही.

मग फेस, मग कल्ल्यापासून खाली, त्वचा दुसऱ्या हाताने ताणून. पातं दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेलं असतं ना, त्यामुळे केस कापताना बारीक किणकिण ऐकू येते. ती ऐकत बसलात की संपलं, गळ्याच्या घाटीवर लाल रेघ उमटते आणि फेसाचा स्ट्रॉबेरी मिल्कशेक होतो. तुरटी जवळ ठेवा. पांढरा शर्ट ठेवू नका.

काही खडूस लोक इतिहास काढतात. म्हणे जिलेटचा ब्लेड बदलायचा सेफ्टी रेझर 1903 साली बाजारात आला तेव्हा फक्त 51 खपले आणि पुढच्याच वर्षी नव्वद हजारांवर गेले, पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना तेच रेझर वाटले. म्हणजे ज्यांच्या घरात हे वस्तरे होते तेच पळत सुटले होते. असेल. त्यांना रिलॅक्स होता येत नसेल.

मागच्या डिसेंबरला साताऱ्याला गेलो तेव्हा टॉरी बरोबर नेला (चेक-इन बॅगेत हं, केबिनमध्ये नेलात तर तिकडेच राहील). गल्लीतल्या सलूनवाल्या काकांना दाखवला. त्यांनी उघडला, उजेडाकडे धरला, अंगठा धारेवर आडवा हलकेच टेकवला आणि म्हणाले, "पोलाद झकास आहे हो. धार कोणी घालवली?"

मी विषय बदलला. ते म्हणाले आता ब्लेड बदलायचाच वस्तरा, एड्सची भीती आली तेव्हापासून गिऱ्हाईक आधी नवीन ब्लेडचा कागद फाडलेला बघतं मग मान वर करतं. बोलता बोलता अर्धं ब्लेड घालून माझी दाढी केली, सात मिनिटं, एक रेघ नाही, वर मान मोडून दिली.

"आमच्या आजोबांकडं होते असले चार-पाच," पावडर मारता मारता म्हणाले. "पडून होते नुसते. मोडीत घातले."

मी खुर्चीतून उठलोच. म्हटलं काका, कुठल्या भंगारवाल्याकडे?