दर्दी व्हायचंय? मग आधी ‘पियानो मॅन’ विसरा

अमेरिकन गायक-पियानोवादक बिली जोएल आवडतो, असं चारचौघांत नुसतं बोलून मोकळे होऊ नका. त्याचं ‘पियानो मॅन’ आवडायला काय लागतं? कान असले की झालं. लग्नात कीबोर्ड बडवणाऱ्या पोरालाही ते गाणं येतं. तुम्ही बेळगावच्या टिळकवाडीत राहता, हॉलमध्ये बरा स्पीकर आहे, भिंतीला लागून कॅसेटींचं कपाट अजून धूळ खात उभं आहे. तुम्हाला एवढ्यावर भागवून चालणार नाही. तुम्हाला त्याचा एकट्याच्या नावावरचा पहिला अल्बमच आवडला पाहिजे. १९७१ साली आलेला, आणि आला कधी, गेला कधी, हे कुणाला न कळलेला.

नाव सांगताना घाई नको. चहाचा एक घोट घ्या, खिडकीतून बाहेर बघा आणि मग म्हणा, ‘कोल्ड स्प्रिंग हार्बर’. समोरचा ‘ते काय गा?’ म्हणाला की निम्मं काम झालं. लगेच उत्तर द्यायचं नसतं. ‘असूदे, सगळ्यांनाच ठाऊक असतं असं नाही की’ म्हणून त्याला जरा तळमळू द्या. मग सावकाश सांगा, की न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर समुद्राकाठी या नावाचं लहानसं गाव आहे, बिली जोएल त्याच भागात वाढला आणि हा अल्बम आला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. तुम्ही स्वतः समुद्र कारवारला जाऊन पाहिलाय, तेही शाळेच्या सहलीत, हे सांगायची गरज नाही.

यानंतर वेगाची गोष्ट. ही पाठच करून ठेवा, कारण या अल्बमच्या दर्दींची सगळी इस्टेट तीच आहे. मास्टरिंगच्या वेळी, म्हणजे छापायची मूळ प्रत बनवताना, टेप जरा जास्त वेगाने फिरली आणि रेकॉर्डी तशाच छापून बाजारात गेल्या. सगळा अल्बम अर्ध्या स्वराच्या आसपास वर चढला. बेळगावात हे समजावणं सोपं आहे: बुवा पेटीच्या काळी एक पट्टीत गाऊन घरी गेले आणि रेकॉर्डवर पांढरी दोनमध्ये ऐकू आले. नुसता सूरच वर गेला असता तर एक वेळ चाललं असतं. आवाजही बारीक झाला, पोरसवदा. आपलाच पहिला अल्बम ऐकून बिलीने ती रेकॉर्ड रस्त्यावर भिरकावून दिली, अशी कथा सांगतात. तुम्हीही सांगा, फक्त भिरकावतानाचा हात करून दाखवा. कथेला वजन येतं.

पुढे १९८३ मध्ये निर्माता आर्टी रिपने वेग ठीक करून अल्बम पुन्हा काढला. चूक दुरुस्त व्हायला बारा वर्षं लागली, असं सुस्कारा टाकून सांगायचा मोह होईल. पण जपून. १९५६ पासून सीमेच्या दुरुस्तीची वाट बघणाऱ्या गावात तुम्ही बसला आहात. कुणीतरी कोपऱ्यातून विचारेल, ‘बाराच? एवढ्या लवकर कसं काय झालं ओ?’ आणि मग संध्याकाळभर महाजन आयोगावर बोलणं होईल, अल्बम राहील बाजूला.

दुरुस्तीबरोबर रिपने आणखीही हात साफ करून घेतला. काही जुनी वाद्यं काढली, काही नवी वाजवून घातली, ‘यू कॅन मेक मी फ्री’ हे गाणं तर जवळपास निम्मं छाटलं. बिलीचा त्यात काही सहभाग नव्हता. म्हणजे तुमच्यापुढे दोनच पर्याय: चुकीच्या वेगाचं अस्सल, किंवा बरोबर वेगाचं डागडुजी केलेलं. कुठलं श्रेष्ठ? नियम सोपा आहे. समोरच्याने जे ऐकलं असेल ते सोडून दुसरं. त्याच्याकडे नवं असेल तर ‘जुन्यातली धग गेली’ म्हणा. त्याच्या मामाने मुंबईहून आणलेली जुनी रेकॉर्ड निघाली, तर कपाळाला हात लावून म्हणा, ‘अरे, तो बिलीचा आवाजच नव्हे!’

कराराची गोष्ट सगळ्यांत शेवटी काढायची, वडा संपल्यावर. बिलीने रिपच्या करारावर न वाचता सही केली, आणि पुढे मोठ्या कंपनीत जाऊनही कितीतरी अल्बमांच्या कमाईतला वाटा रिपकडे जात राहिला. या करारापासून लपायला बिली लॉस एंजेलिसला गेला आणि ‘बिल मार्टिन’ या नावाने एका बारमध्ये पियानो वाजवत बसला. त्या बारमधूनच पुढे ‘पियानो मॅन’ आलं. इथे घोटाळा होतो. ज्या गाण्याला तुम्ही मघाशी नाक मुरडलं, ते याच पडलेल्या अल्बमच्या पोटातून निघालं, हे ऐकणाऱ्याच्या लक्षात येण्याआधी विषय बदला. दुसऱ्या रेल्वे गेटला गर्दी किती असते, हा विषय कधीही चालतो.

आता खरा धोका सांगतो. अल्बम प्रत्यक्ष ऐकू नका.

ऐकायचाच असेल तर निदान एकट्याने नको. जुलैत तर मुळीच नको. बाहेर चार दिवस पाऊस हटलेला नसतो, दोऱ्यांवरचे कपडे घरातच कुबट वास मारत असतात, दिवे गेलेले असतात, आणि मोबाइलवर ‘फॉलिंग ऑफ द रेन’ लागतं. पियानो असा झरझर वरून खाली उतरत राहतो की मधे बोट कुठे उचललं ते कळत नाही. गोष्ट तशी भाबडी, ‘एकदा काय झालं’ छापाची. बावीस वर्षांच्या पोराने लिहिलेली आहे हे ओळखू येतं. त्यावर दर्दीने नाक मुरडायला हवं. पण तोवर तुम्ही ते पुन्हा लावलेलं असतं.

‘एव्हरीबडी लव्ह्ज यू नाऊ’ त्याहून वाईट. पियानो सुरुवातीपासूनच अंगावर धावून येतो, डाव्या हाताला उसंत नाही, आणि वरून हा जगाने डोक्यावर घेतलेल्या कुणालातरी सुनावतोय: आता सगळ्यांची लाडकी झालीस, कोल्ड स्प्रिंग हार्बरला यायला तुला वेळ कुठला! अल्बमचं नाव या गाण्यातच आहे. एवढं कळलं की दर्दीपणाची पंचाईत होते, कारण गाणं चटकन पटतं. पुण्याला नोकरी लागली आणि गणपतीला खानापूरला यायला सुट्टी मिळत नाही म्हणणाऱ्या भाच्याला पाठवून द्या. उत्तर येणार नाही. निळ्या खुणा मात्र येतील.

‘टुमॉरो इज टुडे’वर टिंगल करू नका. वर दिलेल्या सल्ल्यांपैकी एकही त्या गाण्याला लागू नाही. जगणं नको झालेल्या दिवसांत त्याने लिहिलेल्या चिठ्ठीतून ते गाणं झालंय. शेवटाकडे आवाज एकदम चर्चमधल्या समूहगानासारखा उघडतो, आणि तिथे, रेकॉर्ड कुठल्या सालची आहे याने काही फरक पडत नाही.

‘नॉक्टर्न’ला शब्दच नाहीत, तीनेक मिनिटांचा नुसता पियानो. इथे बेळगावकराची वेगळी अडचण होते. हे पेटीचं गाव. रामभाऊ विजापुऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरं पेटीवर बसवली इथे. तेव्हा शेजारचे एखादे आजोबा खिडकीतून विचारणारच, ‘मींड कुठाय रे यात?’ मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, पेटीतही नाही, हे त्यांना सांगू नका. त्यांना ते तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, आणि पेटीवर ती असल्याचा भास कसा करायचा हेही. त्यांना पूर्ण ऐकू द्या. ‘बरं वाजवतोय की पोरगं’ म्हणून ते निघून गेले, तर ती दाद खरी. पण तुमच्या कामाची नाही. त्यात साल नाही, कंपनी नाही, वेग नाही.

सुरुवातीचं तेच अस्सल म्हणायची हौस काही अमेरिकेतून आलेली नाही म्हणा. कुमार गंधर्व जन्मले सुळेभावीला, इथून हाकेच्या अंतरावर. त्यांच्या उत्तरायुष्यातली निर्गुणी भजनं ऐकून देश डोलला, तरी आपल्याकडे एक जण हमखास निघतो, ज्याला लहानग्या कुमारची खरखरणारी तबकडीच तेवढी आवडते. ती त्याने ऐकलीय की नाही हे विचारणं असभ्यपणाचं. तुम्ही त्याच्याच घराण्यातले. पायाला हात लावा आणि शिका.

‘शीज गॉट अ वे’बद्दल एक पथ्य. हे गाणं १९८१ च्या लाइव्ह अल्बममध्ये पुन्हा आलं आणि तिकडे चांगलंच चाललं. म्हणजे आता ते लोकांचं झालं, तुमच्या उपयोगाचं राहिलं नाही. लाइव्ह रूपात आवाज भरलेला आहे, गाणाऱ्याला आपण काय म्हणतोय हे दहा वर्षांनी नीट कळलंय, हे सगळं खरं असलं तरी ‘त्यात तो कोवळेपणा नाही’ एवढंच म्हणा. कोवळेपणाला पुरावा लागत नाही.

आणि समजा, एखाद्या संध्याकाळी कॅम्पातल्या हॉटेलात एखादा तरणा पोरगा निघालाच, ज्याला कोल्ड स्प्रिंग हार्बर पाठ आहे, छाटलेलं गाणंही ठाऊक आहे. डगमगू नका. ‘अ‍ॅटिला’ काढा. १९७० साली बिली आणि एक ड्रमवाला अशा दोघांनीच काढलेला अल्बम, गिटार नाही, ऑर्गन आणि ड्रम्सचा नुसता गदारोळ. वेष्टनावर दोघे हूण टोळीवाल्यांच्या चिलखतात, खाटकाच्या शीतगृहात, टांगलेल्या मांसाच्या मधोमध उभे. तो ऐकवत नाही, म्हणून त्याची बाजू घेणं सोपं जातं. त्या पोराने त्यावरही मान हलवून ‘हॅसल्स’ या त्याआधीच्या बँडचं नाव घेतलं, तर मात्र तुमच्याकडे काढायला काही उरलेलं नाही. त्याच्यासाठी आणखी एक प्लेट कुंदा मागवा, बिल तुम्ही द्या, आणि घरी कुठल्या गल्लीतून जातो ते विचारून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी ती गल्ली टाळता येईल.