जरा नम्र व्हा, बंधू

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वार्षिक सभेत मला नम्र होण्याचा सल्ला मिळाला. सल्ला देणारे व्यासपीठावर उभे होते आणि मी खाली बाकावर बसलो होतो, म्हणजे निम्मं काम आधीच झालं होतं. "बंधू, प्रश्न चांगला आहे, पण तुमचा आत्मा बरोबर नाही," असं म्हणून त्यांनी लगेच डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. प्रार्थना चालू असताना बोलायचं कसं? मीही डोळे मिटले. उघडले तेव्हा सभा संपली होती आणि समोसे आले होते.

तेव्हापासून मी या सद्गुणाचा अभ्यास करतो आहे. या विषयातली जाणकार मंडळी पहिल्या दोन बाकांवरच बसतात, त्यामुळे फार लांब जावं लागलं नाही. जे शिकलो ते तुमच्यासाठी मांडतो.

सुरुवात बोलण्यापासून करा. "मी कोण? मी तर तुमच्या पायाची धूळ" हे वाक्य पाठ करून ठेवा, पण माइक हातात आल्याशिवाय वापरू नका. घरी म्हटलंत तर बायको लगेच हो म्हणेल. व्यासपीठावर गेल्यावर आधी सांगायचं की मला दिलेल्या पाच मिनिटांचीही माझी लायकी नाही, आणि मग पाऊण तास बोलायचं. गुड फ्रायडेची उपासना बारा ते तीन असते, आणि येशूनं क्रुसावर काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. आमच्याकडे यंदा ती संपायला साडेचार वाजले, कारण सातही वक्त्यांनी स्वतःची अपात्रता सविस्तर पटवून दिली. शिवाय पहिला उद्गार कुणाला मिळावा यावरून दोन वडीलजनांमध्ये, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांमध्ये, जे बिनसलं ते अजून तसंच आहे. समोर आले तरी बोलत नाहीत. पहिला उद्गार म्हणजे "हे बापा, त्यांना क्षमा कर."

बसण्याचंही एक शास्त्र आहे. बायबलात लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभूनं सांगितलंय की मेजवानीला गेलात तर शेवटच्या जागी बसा, म्हणजे यजमान येऊन म्हणेल, मित्रा, वर येऊन बस. तेव्हा शेवटच्या बाकावरच बसा. मात्र उशिरा या आणि अध्यक्षांच्या नजरेच्या टप्प्यात बसा. दोनदा नाही म्हणा. तिसऱ्यांदा बोलावलं की मधल्या वाटेनं सावकाश, हात जोडत, दोन्ही बाजूंना "जय ख्रिस्त" करत पुढे जा. पहिल्या बाकावर आधीच जाऊन बसणाऱ्याला हा मान मिळत नाही.

फ्लेक्सवर "आपले नम्र" या शब्दांखाली निदान अकरा फोटो असावेत. उरलेल्या जागेत प्रभूचा बसवावा.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, पाय धुण्याचा विधी ठेवा; प्रभूनं आपल्या बारा शिष्यांचे धुतले होते. ज्यांचे धुवायचे त्यांना आठवडाभर आधी कळवा, म्हणजे ते घरून धुऊन येतील. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली निवडून आल्यावर काही दिवसांतच रोममधल्या अल्पवयीन मुलांच्या तुरुंगात जाऊन बारा जणांचे पाय धुतले. त्यांत दोन मुली होत्या, मुसलमानही होते. एवढ्या टोकाला जायची काही गरज नाही. आपल्याकडे ट्रस्टी आहेत, त्यांचे जावई आहेत, बारा सहज भरतात. मंडळीचा झाडूवाला त्या दिवशी पाण्याची बादली भरून आणायला लागतोच, त्यामुळे त्याला बसवता येत नाही.

क्षमा मागताना ज्याची मागायची त्याचं नाव आणि आपली चूक, दोन्ही सांगू नये.

प्रार्थना हे तर नम्र माणसाचं खास हत्यार. मंदिरात पापी समजला जाणारा जकातदार मागे उभा राहून ऊर बडवून घेत होता आणि परूशी, म्हणजे कर्मठ धार्मिक माणूस, आपल्या उपासतापासांची यादी वाचत होता, ही प्रभूची गोष्ट संडे स्कूलपासून ऐकतो आपण. पुढे जाऊन या दोघांचं मीलन घडवणं आपल्या लोकांना जमलं आहे. आवाज जकातदाराचा, यादी परूश्याची. "हे प्रभू, मी कस्पटासमान, तरी तू या कस्पटाकडून साउंड सिस्टिम आणवलीस, कंपाउंडची भिंत बांधवलीस, आणि तेही बाजारभावापेक्षा कमी दरात..." असं चालू राहतं. कुणाला टोचायचं असेल तर तेही प्रार्थनेतच. "प्रभू, आमच्यातल्या काहींची मनं कठीण झाली आहेत, त्यांना स्पर्श कर." हे वाक्य आलं की सगळी मंडळी एक डोळा उघडून पाहते. त्या दिवशी सगळे डोळे माझ्या दिशेला उघडले. आणि प्रार्थनेला उत्तर देता येत नाही हो! शेवटी आमेन म्हणावं लागतं. माझ्याविरुद्धच्या ठरावाला मी स्वतः अनुमोदन दिलं ते असं.

आता मुख्य धडा. नम्र माणसानं हिशेब विचारू नये.

मी काय विचारलं ते सांगतो. छताच्या दुरुस्तीसाठी घरटी वर्गणी घेतली. पावसाळा येऊन गेला. वेदीच्या डाव्या बाजूला बादल्या तशाच आहेत. लेखापरीक्षकाचा अहवाल सभेपुढे ठेवलेला नाही. रस्त्याकडेच्या जागेत गाळे उभे राहिलेत, त्यांचं भाडं कुठल्या खात्यात येतं ते कुणी सांगत नाही. ट्रस्ट नोंदणीकृत आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० हा मी जन्माला यायच्या आधीचा कायदा. त्यात लिहिलंय की हिशेबाचं लेखापरीक्षण झालं पाहिजे. कलम ३६ म्हणतं की ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायची असेल, किंवा बिनशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाडेपट्ट्यानं द्यायची असेल, तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी आधी घ्यावी लागते. मी एवढंच म्हणालो की त्या मंजुरीची प्रत पाहायला मिळेल का. मिळाला तो बायबलातल्या पेत्राच्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय, पाचवं वचन: तरुणांनो, वडिलांच्या अधीन असा. माझं वय पन्नाशीपलीकडे आहे, पण हिशेब विचारला की माणूस तरुण होतो.

बरं, पाचवं वाचलंत, मग दुसरं आणि तिसरं का गाळलंत? त्याच पानावर, दोन बोटं वर छापलेलं आहे. तिथे पेत्र वडिलांना सांगतोय की कळप सांभाळा, पण पैशाच्या लोभानं नको, आणि सोपवलेल्या लोकांवर धनीपण गाजवू नका. हा भाग आमच्या सभेत वाचलेला मला आठवत नाही.

पुढच्याच रविवारी उपदेश होता कोरहवर. बायबलातल्या गणना पुस्तकाचा सोळावा अध्याय. मंडळीत कुणी तोंड उघडलं की हा कोरह हमखास बाहेर काढतात. मोशेविरुद्ध उठला, जमिनीनं तोंड उघडलं, साथीदारांसकट गिळला गेला. "जमीन आजही तीच आहे," असं उपदेशक माझ्याकडे बघून म्हणाले. (जमीन तीच आहे हे ऐकून बरं वाटलं. मला वाटलं होतं तीही भाडेपट्ट्यावर गेली.) चाळीस मिनिटं कोरह चालला. पण त्याच अध्यायाचं पंधरावं वचन उपदेशकांनी नीट वळसा घालून टाळलं. मोशे तिथे रागावून देवाला सांगतो की या लोकांचं मी एक गाढवसुद्धा घेतलेलं नाही. भूतलावरच्या सगळ्या माणसांपेक्षा नम्र असं ज्याच्याबद्दल चारच अध्याय आधी लिहिलंय, त्या मोशेनं स्वतःहून हिशेब दिला! गाढवापर्यंतचा! कोरह चुकीचा होता, त्याला शिक्षा झाली, मान्य. पण मोशेच्या जागी उभं राहायचं असेल तर गाढवाचं आधी सांगा.

मग दुसरं ठेवणीतलं वचन, देवानं नेमलेल्या अभिषिक्ताला हात लावू नका. दावीदानं आपल्या जिवावर उठलेल्या शौल राजाला हात लावला नाही म्हणे. नाहीच लावला. पण गुहेतून बाहेर येऊन, झग्याचा कापलेला काठ हातात धरून, पुराव्यासकट, राजाच्या आणि त्याच्या सैन्याच्या देखत त्यानं सगळं बोलून दाखवलं. दावीद गप्प बसला असं कुठल्या आवृत्तीत छापलंय? प्रेषित पौलानं यरुशलेमच्या गरिबांसाठी देणगी जमवली तेव्हा सोबत दुसरी माणसं घेतली, आणि करिंथ शहरातल्या मंडळीला कारणही लिहून कळवलं: एवढ्या मोठ्या रकमेबाबत आमच्यावर कुणी बोट ठेवू नये म्हणून, आणि फक्त प्रभूपुढे नाही तर माणसांपुढेही जे रास्त ते आम्ही पाहतो. हा पौल आमच्या वार्षिक सभेत असता तर त्याचाही आत्मा बरोबर नाही असं ठरलं असतं. आणि आमचे खजिनदार काय म्हणाले? "आम्ही देवाला हिशेब देऊ." अहो, वर्गणीची पावती देवाच्या नावानं फाडली होती का?

आमच्या सभागृहात पंडिता रमाबाईंचा फोटो आहे, हार घातलेला. महिला मंडळ दरवर्षी त्यांच्या नावानं निबंध स्पर्धा घेतं, आणि बक्षीस देताना पाहुणे सांगतात की मुलींनी रमाबाईंसारखं नम्र असावं. कुठल्या रमाबाई? १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या सिस्टरांनी त्यांनाही हेच सांगितलं होतं: आज्ञेत राहा, नम्र हो, फार प्रश्न विचारू नकोस. तिशीही न गाठलेली ही बाई, परक्या देशात, लहान मुलगी पदरात, आधार त्याच लोकांचा. तरी तिनं पत्रांतून कळवलं की मी ख्रिस्ताच्या मंडळीची आहे, पण पाद्र्या-बिशपांच्या तोंडून पडणारा प्रत्येक शब्द मानायला बांधलेली नाही. देवानं मला स्वतःची विवेकबुद्धी दिली आहे. पुढे केडगावला शेकडो बायका-मुलींना याच बाईनं सांभाळलं. आज त्या आमच्या सभेला आल्या असत्या, तर त्यांनाही दोन मिनिटांत प्रार्थनेनं गप्प केलं असतं, आणि फोटोला हार तसाच राहिला असता.

पुरे झाल्या सूचना. उपरोध करायला बसलो होतो, जमत नाही मला. सरळ सांगतो.

वडीलजनहो, तुम्ही ज्याला नम्रता म्हणून आमच्या गळ्यात घालता, ती स्वतः कधी घालून बघितली नाहीत. महायाजकापुढे शिपायानं प्रभूच्या थोबाडीत मारली, तेव्हा त्यानं उलट हात उचलला नाही, पण विचारलं: मी वाईट बोललो असेन तर दाखव, बरोबर बोललो असेन तर का मारतोस? आम्ही एवढंच विचारतोय. छताचे पैसे ज्या मावशींनी दिले त्यांना रेशनच्या रांगेत मी पाहतो. त्या कधी विचारणार नाहीत. त्यांच्या न विचारण्यावर तुमचं सगळं चाललं आहे आणि तुम्हाला ते पक्कं ठाऊक आहे. लाज वाटू द्या जरा.

आणि बाकीचे तुम्ही! सभेत मान खाली घालून बसलात आणि बाहेर दारात येऊन माझा हात दाबलात. "बरोबर बोललात भाऊ, कुणीतरी बोलायला हवंच होतं." मग तुम्ही का नाही बोललात? पाळकसाहेब पोराच्या लग्नाला यायचे नाहीत म्हणून? दफनभूमीत जागा मिळायची नाही म्हणून? स्वतःला सौम्य म्हणवू नका, तुम्ही घाबरलात. तुमच्या घरातली पोरं हे सगळं बघतात. नाताळ सोडला तर ती देवळात का येत नाहीत, याचं खापर मोबाइलवर फोडू नका.

धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज केला की ट्रस्टच्या कागदांच्या नकला मिळतात. अर्ज मी लिहिला आहे. रविवारी उपासनेनंतर बाहेर झाडाखाली बसतो आहे. या आणि सही करा. मागच्या दारानं निघून जाऊ नका.